तेल प्यायलेलं लोखंड

वास आला तो करपलेल्या फोडणीचा. काकांची जुनी बुलेट मी चांदणी चौकापर्यंत पळवून आणली होती, स्टँडवर लावली होती, आणि आदल्याच रविवारी स्वतःच्या हाताने काळ्याकुळकुळीत रंगवलेल्या इंजिनाकडे कौतुकाने बघत उभा होतो. रंग फाटकाला लावून उरलेला. डबा घरातच होता, ब्रश होता, मग वेगळा खर्च कशाला? आठ दिवसांत सायलेन्सरच्या तोंडाजवळचा काळा रंग आधी तपकिरी झाला, मग भुरा, आणि शेवटी नखाने खरवडला की पापडासारखा निघू लागला.

फोडणीचा वास येणं हा योगायोग नव्हता. ज्याला आपण ऑइलपेंट म्हणतो त्यात खरंच तेल असतं, जवसाचं किंवा सोयाबीनचं, रसायनं घालून अल्किड नावाच्या चिवट रेझिनमध्ये बांधलेलं. म्हणजे मी तापत्या लोखंडावर तेलाचा पातळ थर पसरला होता आणि खालून आच दिली होती. कढईत जे होतं तेच झालं.

कुठल्याही रंगात तीन गोष्टी असतात. रंगद्रव्याची पूड, ती पूड धातूला चिकटवून धरणारं बंधक, आणि दोन्ही पातळ ठेवणारा द्रावक, जो लावल्यावर उडून जातो. आपण दुकानात रंगाची छटा बघून डबा उचलतो. इंजिनाला त्या छटेशी कर्तव्य नसतं, त्याची गाठ बंधकाशी पडते. साध्या रंगाचं बंधक कार्बनच्या साखळ्यांचं. साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या वर ते रोज तापत राहिलं की हवेतला ऑक्सिजन या साखळ्या तोडायला लागतो. रंग आधी पिवळट होतो, मग कडक, मग ठिसूळ. बंधक गेलं की उरते नुसती पूड, आणि ती पावसाच्या पहिल्या सरीबरोबर नाल्याला लागते.

इंजिन किती तापतं या प्रश्नाला एक आकडा नाही, कारण इंजिन सगळीकडे सारखं तापत नाही. कास्ट आयर्न बुलेटचंच घ्या. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड आणि खालचं चेंबर ॲल्युमिनियमचं. चेंबरमध्ये तेल फिरत असतं, ते ८० ते १०० अंशांच्या आसपास राहतं. ब्लॉकच्या वरच्या फिन, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पात्या, घाटात दीडशेच्या वर जातात, खालच्या बऱ्याच थंड. हेडचा एक्झॉस्टकडचा भाग दोनशे ओलांडतो. आणि तिथून निघणारा बेंड पाईप, पहिल्या वितीभर लांबीत, गाडी दामटली तर चारशे-पाचशेपर्यंतही जातो. वीतभर अंतरात तीन वेगळे ऋतू.

हे मोजायला थर्मामीटर असला तर उत्तम, पण मिस्त्री लोक अजूनही बोटांनी दोन थेंब पाणी शिंपडतात. थेंब नुसता पसरून सुकला तर शंभरच्या खाली. चर्र करून उडाला तर शंभरच्या वर. आणि मोत्यासारखा गोळा होऊन नाचत घरंगळला तर दोनशेच्या आसपास पोचलात. घावन घालण्याआधी तवा असाच बघतात. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगतो, म्हणून तो लगेच उडत नाही. दोन थेंबच मात्र. तापल्या बिडावर तांब्याभर पाणी ओतणाऱ्याला ब्लॉकचा तडा पुढे आयुष्यभर दाखवता येतो.

तर कार्बनची साखळी टिकत नाही. मग टिकतं काय? उत्तर आपल्या पायाखाली आहे. वाळू म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन, आणि या दोघांची जोडी कार्बन-कार्बन जोडीपेक्षा बरीच घट्ट, शिवाय ऑक्सिजनशी आधीच लग्न लागलेलं, त्यामुळे हवा तिला फूस लावू शकत नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग नावाचे रसायनशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सिलिकॉनला कार्बनचे गट जोडण्याचे प्रयोग करत होते. ‘सिलिकोन’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. त्यांच्या चंबूच्या तळाशी वारंवार एक चिकट लगदा उरायचा. त्यांना हवे होते शुद्ध स्फटिक. लगदा म्हणजे कटकट. १९३०च्या दशकात, कारकिर्दीच्या शेवटी, या विषयातून लवकर काही मोठं हाती लागेल असं वाटत नाही, असंच त्यांचं मत होतं. पुढच्या काही वर्षांतच अमेरिकेत काच आणि वीज यांच्या धंद्यातल्या लोकांनी तो लगदा हेरला. १९४०मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोचो यांनी सिलिकोनचा कच्चा माल थेट आणि स्वस्तात बनवायची रीत काढली, १९४३मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी उभी राहिली, आणि महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांना सिलिकोन लागू लागलं. आज गॅरेजच्या फळीवर ‘हाय हीट’ लिहिलेला जो डबा असतो, त्यातलं बंधक त्या कटकटीचंच वंशज आहे.

या बंधकाची एक गंमत आहे आणि पुढचं सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. साधा रंग हवेत वाळतो, संपलं. सिलिकोन रेझिन हवेत वाळल्यासारखं दिसतं, हाताला लागत नाही, पण ते कच्चं असतं. त्याच्या रेणूंचे हात एकमेकांत गुंफायला आच लागते, बहुतेक रंगांना दोनशे अंशांच्या आसपास तासभर. आणखी तापलं, तीनशे-चारशेच्या पुढे गेलं, की त्यातले उरलेसुरले कार्बनचे गटही जळून जातात आणि मागे राहते सिलिकाची जाळी, रंगद्रव्याच्या कणांना धरून बसलेली. जवळजवळ काच. साध्या रंगाला जी आच मारते, ती याला भाजून पक्कं करते. कुंभाराच्या मडक्यासारखं.

आता दुकानात उभे राहा. एका डब्यावर ६५० अंश लिहिलंय, दुसऱ्यावर २६०. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, मोठा आकडा घेऊ, हे आपलं नैसर्गिक मन. पण ज्याला भाजायला दोनशे अंश लागतात तो रंग ९० अंशांच्या चेंबरवर लावला तर तो कधीच भाजला जाणार नाही. वर्षभर कच्चा राहील आणि पेट्रोलचा पहिला ओघळ त्याला धुऊन नेईल. चेंबर आणि झाकणांना २६० अंशांचं साधं इंजिन इनॅमल पुरतं. ते हवेत बऱ्यापैकी घट्ट होतं आणि तेल-पेट्रोल सोसतं. पावडर कोटिंगही तिथे झकास बसतं. बेंड पाईपला मात्र ६०० च्या वरचाच सिलिकोन रंग, तिथे तडजोड नाही. ब्लॉक आणि हेड मधल्या मुलासारखे, इकडेही नाही तिकडेही नाही. तिथे सिलिकोन रंग चालतो, पण तो भट्टीत भाजून घेतला तरच.

आकड्याचा आणखी एक सापळा म्हणजे त्यापुढचं अक्षर. परदेशी डब्यांवर आकडा बहुधा फॅरनहाइटमध्ये असतो. १२०० फॅरनहाइट म्हणजे ६४९ सेल्सिअस, आणि ५०० फॅरनहाइट म्हणजे २६०. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ५०० वाचून बेंड पाईप रंगवला होता. त्यांच्या पाइपाचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

छटांची निवड इतकी तुटपुंजी का असते, तेही इथेच सांगून टाकतो. बंधक टिकलं तरी रंगद्रव्यानेही टिकायला हवं. झगझगीत लाल-पिवळे बहुतेक सेंद्रिय असतात, ते आधी मरतात. साधी काजळी म्हणजे कार्बन. फार तापली की तीही जळते, म्हणून खरा उष्णतारोधक काळा हा तांबं, क्रोमियम, मँगनीज यांच्या भाजलेल्या ऑक्साइडचा असतो. लोहाचं पिवळं ऑक्साइड तर दोनशेच्या पुढे पाणी सोडून चक्क लाल होतं. पिवळी माती भाजून तिची तांबडी करायची युक्ती माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. पिवळं इंजिन रंगवणाऱ्यालाही ती एक दिवस कळते. चंदेरी रंगाचं मात्र बरं चालतं. त्यात ॲल्युमिनियमच्या चपट्या टिकल्या असतात, त्या वाळताना माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक पहुडतात आणि हवेला धातूपर्यंत पोचू देत नाहीत. म्हणून काळ्यापेक्षा चंदेरी सिलिकोन रंगाला सहसा जास्त तापमानाची हमी मिळते.

काळं इंजिन लवकर थंड होतं का? चहाच्या टपरीवर या प्रश्नाने मैत्र्या तुटताना पाहिल्यात. काळ्याच्या बाजूने बोलणारे अगदीच चूक नाहीत. उघडं चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता फारशी प्रारित करत नाही, दहावा हिस्सासुद्धा नाही. रंग लावलेला पृष्ठभाग नऊ-दशांश करतो. पण यात काळेपणाचं श्रेय थोडं. त्या तापमानाला उष्णता अवरक्त किरणांतून जाते, आणि त्या किरणांच्या नजरेला पांढरा रंगही जवळजवळ तितकाच ‘काळा’ असतो. मागे पडतो तो चंदेरी, त्याच धातूच्या टिकल्यांमुळे. आणि फिन एकमेकींकडे तोंड करून उभ्या असतात. एकीने सोडलेली उष्णता शेजारणीच्याच पदरात पडते. चालत्या गाडीवर इंजिन थंड करतो तो वारा.

वाऱ्याला रंग आडवा येतो का, हे मी कॅलेंडरच्या पाठीमागे आकडे मांडून पाहिलं. ५० मायक्रॉनचा थर, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. त्यातून पार व्हायला उष्णतेला जेवढा अडथळा होतो, त्याच्या पन्नास ते शंभरपट अडथळा तिला फिनवरून हवेत शिरताना होतो. म्हणजे पातळ रंगाने फरक पडतो एक-दोन टक्क्यांचा. फिनांच्या मधे साचलेला तेल-मातीचा चिखल, जो मिलिमीटरभर सहज असतो, त्याचा हिशोब मात्र केला नाही. कॅलेंडरवर जागा नव्हती.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी दुसऱ्यांदा रंगवलं. योग्य डबा, योग्य आकडा. ब्लॉक उतरवला, वायर ब्रशने घासला, आधी रॉकेलने मग पेट्रोलने धुतला, वाळवला, रंगवला. दृष्ट लागावी असा दिसत होता. भाजायला म्हणून ओळखीच्या पावडर कोटिंगवाल्या अण्णांकडे नेला. भट्टीतून वीस मिनिटांनी बाहेर काढला तेव्हा त्यावर कांजिण्या आल्या होत्या. फोड, बारीक-मोठे, आणि एक फुटला तर आतून तपकिरी ओशट थेंब.

अण्णांनी तो थेंब अंगठ्यावर घेतला, हुंगला. “रंग बरोबर आहे हो तुमचा,” ते म्हणाले. “लोखंड तेल पिऊन बसलंय. तीस-पस्तीस वर्षं पितंय. वरून धुवून काय होणार?”

बीड घट्ट दिसतं पण आतून अगदीच भरीव नसतं. त्यात ग्रॅफाइटचे, म्हणजे पेन्सिलीत असतं त्याच पदार्थाचे, बारीक पापुद्रे विखुरलेले असतात, आणि पृष्ठभागालगत त्यांच्या कडेने तेल आत झिरपतं. थंड असताना ते गप्प बसतं. तापलं की पातळ होऊन वर येतं, आणि वर ताजा रंग असेल तर त्याला उचलून धरतं. उपाय एकच, रंगाच्या आधी त्याला घाम फोडायचा. ब्लॉक धुऊन, पूर्ण वाळवून, रंग न लावता भट्टीत दोनशे अंशांना तासभर. पेट्रोलने ओला असताना भट्टीत घालणं म्हणजे आत्महत्या, हे लिहायला नको होतं पण लिहितो. अण्णा सहज तयार झाले नाहीत. तेलाचा धूर भट्टीत राहिला तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी खिडकीच्या पांढऱ्या जाळीवर डाग उठणार. शेवटी शनिवारी संध्याकाळी, सगळं काम उरकल्यावर, ब्लॉक आत गेला. बाहेर आला तेव्हा फिनांच्या मुळाशी मधासारखे ओघळ होते. पुसला, थिनरने धुतला, वाळवला, पुन्हा आत. दुसऱ्या खेपेला नुसती ओल. तिसऱ्या खेपेला कोरडा.

या धुण्यात एक गोष्ट कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. बिडाचे भाग कॉस्टिक सोड्यात बुडवून साफ करतात ते ठीक, पण ॲल्युमिनियमचं हेड त्यात घातलं तर ते फसफसून विरघळू लागतं, आणि जो वायू निघतो तो हायड्रोजन असतो. ॲल्युमिनियमला कपड्याच्या साबणाचं पाणी, दात घासायचा जुना ब्रश आणि वेळ पुरतो. त्याची खोड वेगळीच आहे. हवा लागताच ते स्वतःवर ऑक्साइडचा गुळगुळीत पापुद्रा धरतं आणि रंगाला त्यावर पाय रोवता येत नाही. म्हणून पॉलिश पेपरने ओरखडे काढायचे आणि त्याच दिवशी रंग लावायचा. शिवाय ॲल्युमिनियम तापून बिडाच्या दुप्पट फुगतं. रंगालाही प्रत्येक फेरीला त्याच्यासोबत ताणावं लागतं. जाड थराला ते जमत नाही, तो तडकतो. लांबी भरून खड्डे बुजवायचा मोह इथे आवरायचा, आणि सवयीने लावतात ते साधं अस्तरही नको. वरचा रंग सहाशे सोसेल, खालचं अस्तर दोनशेला हात वर करेल. डब्यावर ज्या अस्तराचं नाव असेल तेच, नाहीतर थेट धातूवर.

सँडब्लास्टिंगने काम पटकन होतं आणि पृष्ठभाग रंगाला हवा तसा खरखरीत मिळतो. पण बुलेटच्या ब्लॉकमध्ये पुशरॉडचे बोगदे ओतीवातच असतात आणि तेल त्यांतूनच खाली चेंबरमध्ये उतरतं. तिथे अडकलेली चमचाभर वाळू बेअरिंगचं काय करेल ते ऐकायला कान तयार ठेवा. मी वायर ब्रशवर भागवलं.

शेवटच्या धुण्यानंतर पाणी टाकून बघायचं. ते सगळीकडे सलग पसरलं तर धातू स्वच्छ; कुठे थेंब गोळा झाले तर तिथे अजून तेल आहे. मग घाई, कारण कोरं बीड दहा मिनिटांत तांबूस दिसू लागतं, पावसाळ्यात तर त्याहून लवकर. बोअरला मात्र तेल हवंच, नाहीतर तिथे गंज धरेल. म्हणजे एका हाताने आत तेल लावायचं आणि त्या हाताने बाहेर शिवायचं नाही. हातमोज्यांचे दोन जोड लागले. बोअरमध्ये कापडाचा बोळा, बोगद्यांना बोळे, हेडच्या प्लगच्या भोकात जुना प्लग, पॅकिंग बसतं त्या वरच्या-खालच्या तोंडांना मास्किंग टेप. नटांच्या बैठकीलाही टेप. तिथे रंग राहिला तर तापून दबतो, नटाचा आवळ सैल होतो, आणि महिन्याभरात हेडच्या कडेने तेल डोकावतं. मग लोक पॅकिंगला शिव्या देतात.

फवारणीत कौशल्य फिनांचं आहे. समोरून मारलं की रंग फिनांच्या टोकांवर चढतो आणि मधल्या दऱ्या उघड्या राहतात. दऱ्या भरायला जावं तर टोकांवरून ओघळ. म्हणून पहिला हात फक्त दऱ्यांसाठी, तिरपा, आधी वरून मग खालून. डबा वीतभर दूर, आणि हात थांबता कामा नये. दहा मिनिटांनी दुसरा हात आडवा, मग तिसरा. प्रत्येक हात असा पातळ की पहिल्यानंतर लोखंड दिसत राहावं. ते बघून हात शिवशिवतो, अजून थोडा मारावासा वाटतो. नाही मारायचा. जाड थरात द्रावक अडकतो आणि भट्टीत पुन्हा कांजिण्या. पाऊस पडत असेल तर त्या दिवशी चहा घ्यावा: द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि काळा रंग राखाडी पडतो. नाकाला साधा रुमाल पुरत नाही, वाफ अडवणारा मास्क घ्या, आणि जवळपास कुणाला सिगारेट पेटवू देऊ नका.

भाजणं टप्प्याटप्प्याने. अण्णांनी आधी १२० वर अर्धा तास ठेवला, बाहेर काढून पूर्ण गार होऊ दिला, मग दोनशेवर तासभर. भट्टी नसेल तर गाडीवरही जमतं. दहा मिनिटं चालू, पूर्ण गार, वीस मिनिटं चालू, पूर्ण गार, मग एक सावकाश फेरी. फक्त उभ्या गाडीला वारा नसतो, तेव्हा समोर पंखा ठेवा, नाहीतर रंग पक्का व्हायच्या नादात पिस्टन जाम. आणि घरातल्या केकच्या ओव्हनकडे बघूसुद्धा नका. त्या वाफा नंतरच्या प्रत्येक केकमध्ये असतील.

माझा ब्लॉक भट्टीतून आला, इंजिन बसलं. हेड मात्र अण्णांची भट्टी बिघडल्यामुळे न भाजताच चढवावं लागलं, ते गाडीवरच भाजू म्हटलं. चौथ्या दिवशी कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला आणि पेट्रोल हेडच्या मागच्या बाजूने ओघळलं. पांढरं फडकं घेऊन पुसायला बसलो. ब्लॉकवरून फडकं फिरवलं, पांढरंच. हेडच्या एक्झॉस्टकडच्या बाजूवरही पांढरं. कार्बोरेटरकडे, जिथे येणारी थंड हवा आणि पेट्रोल हेडला सतत गार ठेवतं, तिथल्या दोन फिनांवरून फिरवलं आणि फडक्यावर काळी बोटं उमटली.

त्या दोन फिन अजून तशाच आहेत. अण्णा म्हणतात हीट गन आणून देतो.